अतिभक्षण विकार

थोड्या वेळात भरमसाट खाणे आणि तेव्हा हात आवरत नाही अशी जाणीव होणे, हे या मानसिक विकाराचे मुख्य लक्षण. भूक नसतानाही खाणे, एकट्याने लपून खाणे, नंतर स्वतःची शिसारी येणे, हेही आढळते. अमेरिकी मानसोपचार संघटनेने 2013 मध्ये याला स्वतंत्र निदान मानले; अट : असे झटके आठवड्यातून किमान एकदा, सलग तीन महिने. वजन हा निदानाचा निकष नाही. सडपातळ माणसालाही तो होतो.

कडक पथ्याने या विकाराचा धोका वाढू शकतो. 1975 च्या हर्मन व मॅक यांच्या प्रयोगात पथ्य पाळणाऱ्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी नव्हे, जास्त खाल्ले. नियम एकदा मोडला की ‘आता काय उरलं’ ही वृत्ती बळावते. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी रुजवलेली, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येकी 55 मिनिटांत जेवण्याची पद्धत घरोघरी पोचली. अनेकांना ती मानवते. मात्र ज्याला अतिभक्षणाचे झटके येतात, त्याने कोणतेही काटेकोर पथ्य डॉक्टरांना विचारूनच धरावे.

पथ्य नसले तरी, पनवेलहून हार्बर लोकलने मुंबईला तासाहून अधिक प्रवास करणाऱ्याचे जेवण सहजच लांबते. दिवसभर उपाशी राहून रात्री तुटून पडणे, ही या विकाराला पोषक सवय. विचार व सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या बोधनिक वर्तनोपचारात म्हणूनच आधी वेळेवर जेवण बसवतात, वजनाचे नंतर पाहतात. ‘टेलि-मानस’ (14416) या सरकारी दूरध्वनी सेवेवर मराठीतून सल्ला मिळतो.