ह्युएनत्संगाची साक्ष

शाळेंतल्या पुस्तकांतून ह्युएनत्संग आपणांस भेटतो तो धर्मग्रंथांच्या शोधार्थ निघालेला यात्रेकरू म्हणून. पण त्याचें प्रवासवृत्त इ. स. ६४६ मध्यें सिद्ध झालें, तें चीनचा सम्राट् ताइत्सुंग याच्या आज्ञेवरून. इ. स. ६४० मध्यें तुर्फानचें राज्य चीननें जिंकलें होतें. पुढल्याच वर्षीं हर्षाचा वकील चिनी दरबारीं गेला होता. अशा दरबारास परदेशचे राजे, सैन्य व लोकस्वभाव यांची माहिती हवीच होती.

हें ध्यानांत धरून महाराष्ट्रावरील मजकूर वाचावा. येथील लोक उपकार स्मरणारे, अपकाराचा सूड घेणारे, हर्षालाही न नमलेले, एवढें आपण अभिमानानें सांगतों. युद्धापूर्वीं वीर स्वतः मद्य पितात व हत्तींनाही पाजतात, हें त्याच लेखांतलें वाक्य मात्र गाळतों. हर्षाच्या अपयशास इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखाचा दुजोरा आहे. तो पुलकेशीच्या आश्रित कवीचा, हें वृत्त परक्याचें; म्हणूनच दोहोंचा मेळ मोलाचा.

राजधानीचें नांव त्यानें दिलेलें नाहीं. फ्लीटसाहेबांनीं ती नाशिक ठरविली. इतरांनीं अन्य स्थळें सुचविलीं. गोदातीरीं राहणाऱ्या आम्हांस पहिलें मत गोड वाटावें हें साहजिक. परंतु गोडी हा पुरावा नव्हे. परराष्ट्रानें आपल्याविषयीं काय टिपून ठेविलें, हें मुळांतून वाचल्याखेरीज त्याचें धोरण उमगत नाहीं. त्यासाठीं आपल्या विद्यार्थ्यांनीं चिनी भाषा शिकावी, असें आम्हांस वाटतें.