घराबाहेरचे ताट : वऱ्हाडचा जैन व्यापारी आणि मुंबईची भोजनगृहे

जैन गृहस्थाचा धर्म मंदिरात जेवढा दिसतो, तेवढाच तो त्याच्या ताटात दिसतो. घरच्या ताटाची मर्यादा आपल्या माता-भगिनींनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. परंतु उदीमाच्या निमित्ताने परमुलखात गेलेल्या आपल्या पूर्वजांनी घराबाहेरच्या ताटाची मर्यादा कशी राखली, याचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्याची थोडीफार नोंद व्हावी, या हेतूने हा अल्पसा प्रयत्न आहे.

आहारविवेकाचे नियम अतिप्राचीन आहेत. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त मुळा, आले यांसारखे पदार्थ वर्ज्य सांगितले आहेत, कारण त्यांत लाभ अल्प आणि जीवघात मोठा. आचार्य अमृतचंद्रांच्या ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त आणि बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांच्या ‘योगशास्त्रा’त रात्रिभोजनाच्या त्यागाचा विस्ताराने विचार केलेला आहे. म्हणजे दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरांत ‘काय खावे’ याच्या जोडीनेच ‘केव्हा खावे’ हा प्रश्न उभा आहे. बटाट्याचे नाव या ग्रंथांत असण्याचे कारण नाही. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीज भारतात आल्यानंतरच तो आपल्याकडे पोहोचला. तत्त्व आधीपासून होते, म्हणूनच नवा कंद आला तेव्हा तो कोणत्या बाजूला ठेवायचा हे आपल्या पूर्वजांना ठरवता आले.

पूर्वी प्रवासात हे नियम पाळण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे घरची शिदोरी. दशम्या, खाकरे, कोरड्या चटण्या आणि गाळून उकळलेले पाणी एवढ्यावर मुक्तागिरीची किंवा शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाची यात्रा होत असे. पुढे तीर्थक्षेत्री धर्मशाळा आणि भोजनशाळा झाल्या. घराबाहेर निश्चिंत मनाने जेवता येईल, असे आपल्या समाजाचे पहिले स्वयंपाकघर ते हेच.

१८६७ साली भुसावळहून अकोला-बडनेरामार्गे नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली आणि वऱ्हाडचे जीवन पालटले. इथला कापूस मुंबईच्या बंदराकडे निघाला आणि गिरण्यांचे कापड परत वऱ्हाडात येऊ लागले. कापूस आणि कापड या दोन्ही व्यवहारांमुळे अमरावती-अकोल्याच्या व्यापाऱ्याला मुंबईची वारी अटळ झाली. अकोला ते मुंबई हे अंतर लोहमार्गाने सुमारे ५८० किलोमीटर. जाण्याच्या वाटेवर शिदोरी पुरे. परंतु मूळजी जेठा मार्केटात खरेदीसाठी चार-सहा दिवस राहायचे, तर जेवायचे कोठे?

या प्रश्नाला मुंबईने दोन उत्तरे दिली. पहिले उत्तर समाजातूनच आले. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१-१९१४) यांनी सी. पी. टँकजवळ हिराबाग धर्मशाळा उभारली. काळबादेवी, भुलेश्वर आणि कापड बाजार तेथून पायी जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे बाहेरगावच्या जैन बांधवांची मोठीच सोय झाली. दुसरे उत्तर बाजाराने दिले. काळबादेवीच्या गल्ल्यांत गुजराती आणि मारवाडी मंडळींच्या खानावळी होत्या. कोणी त्यांना ‘वीशी’ म्हणत, कोणी ‘बासा’, तर काहींच्या पाटीवर चक्क ‘क्लब’ असे लिहिलेले असे! दादीशेठ अग्यारी लेनमधील १९४५ साली सुरू झालेले श्री ठाकर भोजनालय हे त्याच परंपरेतले. पेढीवर बसणारा दलाल, घर दूर असलेला मुनीम आणि खरेदीला आलेला परगावचा दुकानदार एकाच पंगतीला बसत.

याच सुमारास माटुंग्याला दक्षिणेकडून वेगळा प्रवाह आला. उडुपीहून आलेल्या ए. रामा नायक यांनी १९४२ साली माटुंगा स्थानकाजवळ उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केले. उडुपीच्या श्रीकृष्ण मठाच्या परंपरेत कांदा-लसूण वर्ज्य आहे आणि चातुर्मासात क्रमाने शाकव्रत, दधिव्रत, क्षीरव्रत व द्विदलव्रत पाळले जाते. ‘द्विदल’ हा शब्द आपल्याही ओळखीचा. आपला अर्थ थोडा निराळा. आपण कच्चे दूध-दही-ताक आणि डाळ यांचा संयोग टाळतो. तरीही ज्या परंपरेला आहाराचे व्रत म्हणजे काय हे ठाऊक आहे, तिच्या स्वयंपाकघरात जैन पाहुण्याला आपली अडचण समजावून सांगणे सोपे जाई. मुंबईत आणि पुढे महाराष्ट्रभर उडुपी हॉटेलांविषयी शाकाहारी समाजाला जो विश्वास वाटला, त्याची पाळेमुळे येथे आहेत.

मात्र सर्वांत कठीण होती ती वेळ. बाजाराची उलाढाल संध्याकाळी रंगात येते आणि हिवाळ्यात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. रेखांशाच्या फरकामुळे मुंबईचा सूर्यास्त अकोल्यापेक्षा साधारण पाव तासाने उशिरा होतो. व्रतस्थ व्यापाऱ्याला तेवढाच काय तो दिलासा! सौदा अर्धवट ठेवून, “जेवून येतो, मग बोलू,” असे म्हणून उठणारे बुजुर्ग आमच्या व्यवसायात होते. समोरच्या आडत्यालाही त्याचा राग येत नसे. उलट वेळ पाळणाऱ्या माणसाचा शब्दही पाळला जाईल, अशी त्याची खात्री पटे. व्रताने व्यापाराची हानी झाली नाही, पत वाढली.

अशा हजारो ग्राहकांच्या नम्र पण ठाम मागणीतून ‘जैन’ हा शब्द मुंबईच्या भोजनपत्रिकेवर आला. गिरणगावाशी ज्या पदार्थाचे नाते सांगितले जाते, त्या पावभाजीत बटाट्याच्या जागी कच्चे केळे आले. कांदा-लसणाविना ग्रेव्ही झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईचा कापडधंदा विस्कटला आणि आमच्या खरेदीच्या वाटा सुरत, भिवंडी, इचलकरंजीकडे अधिक वळल्या. तोवर ‘जैन’ ताट मात्र सर्वत्र रुजले होते. १९९६ साली भारतात आलेल्या मॅक्डोनाल्ड्ससारख्या परदेशी कंपनीलाही शाकाहारी पदार्थांसाठी स्वतंत्र व्यवस्था ठेवावी लागली. पुढे २००१-०२ च्या सुमारास वेष्टनावरील शाकाहारी-मांसाहारी चिन्हे कायद्याने आवश्यक झाली. हे यश लहान नव्हे.

तथापि या यशाबरोबर एक प्रश्नही आपल्या दारी आला आहे. हिरवे चिन्ह पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगते. त्यात कंदमूळ आहे की नाही हे सांगत नाही. ‘जैन पावभाजी’तून बटाटा गेला, पण आंबवलेला पाव राहिलाच. आणि ही ‘जैन’ पावभाजी रात्री अकरा वाजताही मिळते! पूर्वी व्रत खाणाऱ्याजवळ होते आणि स्वयंपाकी त्याला साहाय्य करी. आता व्रत भोजनपत्रिकेवर छापलेले आहे आणि खाणारा निश्चिंत आहे. शिक्षण-नोकरीसाठी पुण्या-मुंबईत राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना ‘जैन’ म्हणजे कांदा-बटाट्याविना, एवढाच अर्थ उरला, तर संयमाचा अर्धा वारसा आपल्याच हातून निसटेल. त्यांना दोष देणे योग्य होणार नाही. कचेरी सातला सुटते आणि सूर्यास्तापूर्वी गरम जेवण देणारे ठिकाण जवळ नसते, ही त्यांची खरी अडचण आहे.

आपल्या पूर्वजांना हिराबाग मिळाली म्हणून त्यांचे व्रत टिकले, हे इतिहासाचे सांगणे ध्यानात घ्यावयास हवे. अमरावती आणि अकोला ही आज स्वतःच शिक्षणाची व औषधोपचारांची मोठी केंद्रे आहेत. खेड्यापाड्यांतून येथे येणारा विद्यार्थी आणि रुग्णाचा नातेवाईक आज त्याच ठिकाणी उभा आहे, जेथे एकेकाळी वऱ्हाडचा व्यापारी मुंबईत उभा होता. अशांसाठी सूर्यास्तापूर्वी अल्प मूल्यात भोजन आणि कामावरून सुटका नसलेल्यांना दुपारीच नेता येईल असा सायंकाळचा डबा, एवढी व्यवस्था दोन्ही शहरांत झाली, तर ती या सुवर्णमहोत्सवाची चिरस्थायी खूण ठरेल. विश्वस्त मंडळाने याचा अवश्य विचार करावा आणि समाजबांधवांनी त्यास हातभार लावावा, अशी नम्र विनंती करून हा लेख पूर्ण करतो.

जय जिनेंद्र!