सुरतेची खुर्ची

उज्जैनला ताईकडे मुक्काम असला की संध्याकाळी दाजींबरोबर फ्रीगंजातल्या टावर चौकात जाऊन उभे राहायचे, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. घड्याळाच्या मनोऱ्याजवळ खाण्याच्या गाड्यांभोवती गर्दी असते आणि त्या गर्दीत मधूनच मराठीही कानावर पडते. शिंद्यांची राजधानी १८१० मध्ये येथून ग्वाल्हेरला गेली, पण मराठी घरे मागे राहिली. ११ डिसेंबर २०२३ रोजी भोपाळमध्ये भाजपच्या आमदारांनी मुख्यमंत्रिपदासाठी उज्जैन दक्षिणचे आमदार मोहन यादव यांची निवड केली. त्यानंतर काही दिवसांनी मी चौकात होतो. आपल्या गावचा माणूस म्हणून लोकांना आनंद होताच. पण हे नाव आधीपासून घेत होतो असे म्हणणारा मला तरी कोणी भेटला नाही.

दाजी म्हणाले, "मास्तर, आपण मत देतो ते अगदी शेवटी. माणूस ठरवतात तेव्हा आपल्याला कोण विचारतो?"

मी त्यांना अमेरिकेचे सांगू लागलो. तेथे पक्षाचा उमेदवार ठरविण्यासाठीही मतदान होते. आयोवासारख्या राज्यात भर हिवाळ्यात पक्षाची माणसे शाळांच्या दिवाणखान्यांत जमत आणि आपला माणूस कोणता ते उघडपणे सांगत. ३ जानेवारी २००८ रोजी अशाच सभांतून ओबामांचे नाव प्रथम पुढे आले. दाजींनी ते ऐकून घेतले आणि विचारले, "आपल्याकडे असे कधी झालेच नाही?"

झाले होते. निवडणूक आयोग नव्हता, सामान्य माणसाला मतही नव्हते, त्या काळात झाले होते, आणि त्याचा आरंभ नागपुरात झाला.

त्या वेळी काँग्रेसचा अध्यक्ष दरवर्षी नवा असे. प्रांतिक समित्या नावे सुचवीत आणि जेथे अधिवेशन भरायचे तेथील स्वागत समिती त्यांतून निवड करी. त्यामुळे अध्यक्ष कोण, याची खरी झुंज डिसेंबरात नव्हे, तर पावसाळा संपता संपता यजमान गावात होई. १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनासाठी बिपिनचंद्र पालांच्या गटाने टिळकांचे नाव पुढे केले. मवाळांनी काय करावे? त्यांनी एक्याऐंशी वर्षांच्या दादाभाई नौरोजींना विलायतेहून बोलावले. दादाभाईंना विरोध कोण करणार? टिळकांचे नाव आपोआप मागे पडले. गंमत अशी, की जहालांना थोपविण्यासाठी आणलेल्या या वृद्धानेच अध्यक्षपदावरून 'स्वराज्य' हा शब्द उच्चारला, आणि स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण यांचे ठराव त्याच मांडवात संमत झाले. डाव ज्यांनी टाकला त्यांना तो असा पडेल याची कल्पना नसावी.

१९०७ चे अधिवेशन नागपूरला भरायचे होते. तेथे डॉ. मुंजे यांच्यासारखी तरुण मंडळी टिळकांसाठी हट्टाला पेटली होती. स्वागत समितीत एकमत होईना, सभा उधळल्या गेल्या. अखेर नोव्हेंबरात मुंबईस फिरोजशहा मेहतांच्या घरी बैठक होऊन अधिवेशन नागपूरहून उचलून सुरतेला नेण्यात आले. सुरत हा मेहतांच्या वजनाचा मुलूख. तेथील स्वागत समितीने डॉ. रासबिहारी घोष यांना निवडले. आजच्या भाषेत सांगायचे तर मतदारसंघच बदलला.

येथपर्यंतचा भाग मी वर्गात अनेक वर्षे शिकवला. 'जहाल व मवाळ यांतील फरक लिहा' एवढ्यापुरता. पुढचा भाग मात्र मी घाईने उरकत असे, आणि तोच मला आता अधिक महत्त्वाचा वाटतो. लाला लजपतराय यांना मे महिन्यात खटल्याशिवाय मंडालेला हद्दपार केले होते. नोव्हेंबरात ते सुटून आले. जहालांनी स्वतःच्या पुढाऱ्याचा हट्ट सोडून लजपतरायांचे नाव पुढे केले. माझ्या मते टिळकपक्षाची ही चाल उत्तम होती. ज्याला सरकारने शिक्षा दिली त्याला राष्ट्राने मान द्यावा, हा मुद्दा नाकारणे मवाळांना जड गेले असते. गोखल्यांनी वास्तविक लजपतरायांच्या सुटकेसाठी खटपट केली होती. पण त्यांना अध्यक्ष करून सरकारचा रोष ओढवून घेणे त्यांना धोक्याचे वाटले. गोखल्यांविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हणतो, ही भीती त्यांना शोभली नाही.

पण नाव कोणाचे घेतो आहोत हे त्या माणसाला आधी विचारायला नको का? लजपतरायांनी स्वतःच नकार दिला. आपल्या नावावरून फूट पडू नये, एवढेच त्यांना हवे होते. सुरतेत ते दोन्ही तंबूंत समेटासाठी हिंडत होते. मग टिळकांनी नावाचा आग्रह सोडला आणि कलकत्त्याचे चार ठराव मागे घेऊ नका, एवढ्यावर आले. तशी हमी वेळेवर मिळाली नाही. २६ डिसेंबरला सुरेंद्रनाथ बॅनर्जी अनुमोदनाला उभे राहताच गोंधळ झाला व सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी टिळक व्यासपीठावर चढले आणि बोलू न दिल्याने हाताची घडी घालून तेथेच उभे राहिले. मांडवातून एक जोडा आला, सुरेंद्रनाथांना व मेहतांना लागला, आणि खुर्च्या-काठ्या चालू झाल्या. जोडा मराठी बनावटीचा होता म्हणतात. आम्ही मुलांसमोर हे सांगताना हसायचो; त्या जोड्यापायी नऊ वर्षे काँग्रेस दुभंगलेली राहिली, हे मागाहून सांगायचो.

दाजींची कचोरी हातातच राहिली होती. "मग टिळक अध्यक्ष झाले केव्हा?"

झालेच नाहीत. १९१६ मध्ये लखनौला समेट झाला आणि १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी त्यांची निवडही झाली. पण चिरोलवरील खटल्यासाठी त्यांना विलायतेला जावे लागले आणि खुर्चीवर मदनमोहन मालवीय बसले. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले. पुढच्याच महिन्यात कलकत्त्याला खास अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्ष होते लाला लजपतराय.