कैकर (मीनखाई घार)

जवळजवळ पूर्णपणे मासळीवर जगणारा, घारीहून थोराड शिकारी पक्षी. मीनखाई घार हे त्याचे आणखी एक मराठी नाव. पक्षिनिरीक्षकांच्या बोलण्यात तो ‘ऑस्प्रे’ म्हणूनच येतो. शास्त्रीय नाव पँडिऑन हॅलिएटस. लिनीयसने १७५८ मध्ये त्याचे वर्णन करताना त्याला ससाण्यांच्या प्रजातीत बसवले होते. पायांची, पिसांची आणि पंखांची घडण इतर शिकारी पक्ष्यांपेक्षा इतकी वेगळी आहे, की पुढे त्याच्यासाठी पँडिऑनिडी हे स्वतंत्र कुल मानले गेले. अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांवर तो आढळतो. महाराष्ट्रात तो हिवाळी पाहुणा आहे. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात, कोशाच्या कापडासाठी नावाजलेल्या आंधळगावच्या आसपास आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील तलावांच्या मुलखात त्याला शोधायचे ते सप्टेंबर-ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल या काळात.

ओळख. लांबी ५० ते ६६ सेंमी., पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे सव्वा ते पावणेदोन मीटर, वजन साधारण एक ते दोन किलो. मादी नरापेक्षा मोठी. पाठ गडद तपकिरी, पोट पांढरे, डोके पांढरट आणि पिवळ्या डोळ्यातून मानेकडे जाणारा काळपट पट्टा. मादीच्या छातीवरचा तपकिरी पट्टा सहसा अधिक ठळक असतो. उडताना लांब, अरुंद पंख मनगटाशी वाकलेले दिसतात. दूरवरून ओळखायला ही एकच खूण बहुधा पुरते. तलावावर घिरट्या घालणारी साधी घार दुभागल्या शेपटीवरून, ब्राह्मणी घार विटकरी अंगावरून आणि दलदलीवर कमी उंचीवरून जाणारा भोवत्या उथळ ‘व्ही’सारख्या उचललेल्या पंखांवरून वेगळा काढता येतो. खरा घोटाळा होतो तो मत्स्यगरुडाशी. तोही मासे खातो, पण त्याचे डोके व छाती राखी-तपकिरी असते आणि पांढरा रंग पोटाच्या मागच्या भागापासून शेपटीपर्यंतच असतो. शिवाय तो बारमाही रहिवासी आहे. ताडोब्याच्या तलावावर तो अनेकांनी पाहिलेला आहे.

शिकार व आहार. आहारात मासळीचा वाटा ९९ टक्क्यांपर्यंत असतो. कैकर पाण्यावर दहा ते चाळीस मीटर उंचीवरून फिरतो, मासा दिसला की पंख फडफडवत हवेत जागच्या जागी थांबतो आणि मग पाय पुढे काढून सूर मारतो. तो पाण्यात जेमतेम मीटरभर खोल जातो, म्हणून वरच्या थरात वावरणारे मासेच त्याच्या हाती लागतात. बाहेरचे बोट उलट दिशेला वळत असल्याने दोन बोटे पुढे व दोन मागे अशी पकड बसते. तळव्यांवर बारीक काटेरी खवले असतात, सूर मारताना नाकपुड्या मिटतात आणि दाट तेलकट पिसे पाणी धरत नाहीत. पाण्याबाहेर आल्यावर तो अंग झटकतो आणि माशाचे तोंड उडण्याच्या दिशेला करून त्याला उभा धरतो, त्यामुळे वाऱ्याचा अडसर कमी होतो. नेहमीचे भक्ष्य दीडशे ते तीनशे ग्रॅमचे असते. क्वचित त्याहून पुष्कळ मोठा मासाही तो उचलतो. प्रत्येक सूर फळत नाही. फळला, तरी घारी आणि मत्स्यगरुड मासा हिसकावायला मागे लागतात.

भंडारा जिल्ह्यात त्याचे पोट कशावर भरते, हे समजायला तलावांचा इतिहास थोडा पाहावा लागतो. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांचे ‘मामा तलाव’, साडेसहा हजारांहून अधिक आहेत. त्यांतील कितीतरी कोहळी समाजाने धानाला पाणी मिळावे म्हणून बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव परंपरेनुसार कोलू पाटील कोहळी यांचा. तो आज गोंदिया जिल्ह्यात आहे, मात्र १९९९ पर्यंत हा सारा भाग भंडाऱ्यातच होता. मालगुजारी १९५१ मध्ये संपली आणि तलाव सरकारकडे गेले. त्यांतली मासेमारी ढिवर समाजाच्या हातात राहिली. पावसाळ्यात हे तलाव तुडुंब भरतात, पण पाणी गढूळ असते. आश्विन-कार्तिकात गाळ खाली बसतो, पाणी नितळ होते आणि वरून मासा दिसू लागतो. कैकर नेमका याच सुमारास येतो. तलावांत आता रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले जाते. कटला हा पाण्याच्या वरच्या थरात खाणारा मासा असल्याने त्याची लहान पिले अशा शिकाऱ्याच्या आवाक्यात येतात. धानाच्या बांध्यांतली छोटी बोडी मात्र त्याच्या उपयोगाची फारशी नाही. त्याला मोकळ्या पाण्याचा पसारा लागतो. गोसीखुर्द धरणाच्या जलाशयाने असा पसारा जिल्ह्याच्या दक्षिणेला मोठ्या प्रमाणावर निर्माण केला. धरणाची कोनशिला १९८८ मध्ये बसली.

घरटे व वीण. कैकर महाराष्ट्रात घरटे करत नाही. विदर्भात तलावाकाठच्या उंच झाडावर काटक्यांचा मोठा ढीग दिसला, तर तो घारीचा, मत्स्यगरुडाचा किंवा दुसऱ्या एखाद्या रहिवासी पक्ष्याचा समजावा. भारतात त्याच्या विणीच्या तुरळक नोंदी हिमालयातल्या आहेत. आपल्याकडे हिवाळा काढणारे पक्षी मुख्यतः उत्तर आणि मध्य आशियातल्या नद्या-सरोवरांच्या काठी वाढवलेले असतात. तिथे शेंडा वाळलेले उंच झाड, कडा, विजेचा खांब किंवा माणसाने मुद्दाम उभारलेला मंच त्याला चालतो. हिंस्र प्राणी नसलेल्या बेटांवर तो जमिनीवरही घरटे मांडतो. नर काटक्या आणतो, मादी त्या रचते आणि आत शेवाळ, गवत, साली अंथरते. तेच घरटे वर्षानुवर्षे दुरुस्त होत राहते आणि शेवटी माणूस आत बसेल एवढे होते. विणीच्या आरंभी नर पायांत मासा लोंबकळत ठेवून आकाशात वरखाली झोके घेत ओरडतो.

अंडी दोन ते चार, बहुधा तीन. मलईरंगी, त्यांवर तांबूस-तपकिरी डाग. उबवण सुमारे पाच ते सहा आठवडे चालते. अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत, म्हणून पिलांत थोरले-धाकटे होतात, आणि मासळी कमी पडली की थोरले धाकट्याला खाऊ देत नाही. या काळात मादी घरट्याशी राहते आणि सगळी मासेमारी नर करतो. पिले साधारण आठव्या आठवड्यानंतर उडू लागतात, तरी काही आठवडे आईबापांकडूनच खातात. मग प्रत्येक जण आपल्या वाटेने दक्षिणेला निघतो. मादी बहुधा आधी जाते, पिलांना सोबतीला कोणी नसते. जोडीदेखील हिवाळा एकत्र घालवत नाही. दोघे वेगवेगळ्या मुक्कामी जातात आणि वसंतात पुन्हा त्याच घरट्याशी भेटतात. पहिल्या प्रवासाला आलेली तरुण पाखरे पुढचा उन्हाळाही दक्षिणेतच काढतात, कारण वीण तिसऱ्या-चौथ्या वर्षी सुरू होते. मे महिन्यात एखाद्या जलाशयावर कैकर दिसला, तर तो बहुधा असाच पोरवयातला असतो.

प्रौढ पक्षी घरट्याइतकाच हिवाळी मुक्कामालाही चिकटून असतो; वर्षामागून वर्षे तो त्याच पाण्यावर उतरतो. उत्तरेतल्या घरट्यात किती पिले वाढतील, याचे एक मूळ त्याने हिवाळ्यात कुठे आणि किती खाल्ले यात असते. म्हणून भंडाऱ्यातला एखादा तलाव गाळाने उथळ झाला किंवा बेशरम या माजणाऱ्या झुडपाने व्यापला, तर ते नुकसान केवळ गावाचे नसते. तलावांवर काम करणारे मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवरांच्या पारंपरिक ज्ञानाच्या आधाराने बेशरम उपटणे, पाणवनस्पती पुन्हा लावणे आणि देशी मासळी परत आणणे असे काम केले. कैकरासाठी ते हाती घेतलेले नव्हते, पण त्याच्या दृष्टीने याहून मोलाचे काम सांगता येणार नाही.

धोके व संरक्षण. विसाव्या शतकाच्या मध्याला डीडीटी या कीटकनाशकामुळे युरोप-अमेरिकेत कैकरांची संख्या भयंकर घसरली. माशांतून शरीरात साठलेल्या या विषाने अंड्यांची कवचे पातळ होत आणि उबवतानाच फुटत. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली आणि पक्षी हळूहळू परतले. स्कॉटलंडमध्ये नामशेष मानला गेलेला हा पक्षी त्याआधीच, १९५० च्या दशकात, आपणहून परत आला होता. इंग्लंडमधील रटलँड वॉटर येथे १९९६ पासून पिले आणून सोडली गेली आणि २००१ मध्ये तिथे पहिली वीण झाली. भारतात शेतीसाठी डीडीटीचा वापर १९८९ मध्ये थांबवण्यात आला. जगभरात ही जात आज ‘कमी चिंतेची’ मानली जाते. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश आहे.

निरीक्षण. महाराष्ट्रात उजनी जलाशयाकाठचे भिगवण आणि नांदूरमध्यमेश्वर ही कैकर पाहण्याची परिचित ठिकाणे आहेत. भंडाऱ्यात मोठ्या तलावांच्या काठावरची पर्णहीन झाडे आणि पाण्यात उभी राहिलेली वाळकी खोडे सकाळी दुर्बिणीने तपासावीत. मासा घेऊन तो अशाच ठिकाणी खायला बसतो. त्या वेळी जवळ जाऊ नये, कारण तो उठला की मासा घारी पळवतात. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनापासून पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या जन्मदिनापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. त्या आठवड्यात कैकर बहुतेक आपल्या पाण्यावर स्थिरावलेला असतो, त्यामुळे गावोगावच्या शाळांना त्याची नोंद ठेवायला तोच काळ सोयीचा.