प्रभामंडलांतील कंदील

हिंगोली निजामी राज्यांत होती त्या काळीं राज्याची वेधशाळा हैदराबादेस बेगमपेठेंत होती. तेथील एका साहाय्यकाचे पुत्र वेणू बाप्पू ह्यांनीं विद्यार्थिदशेंतच रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेतले. तेज वाढणाऱ्या-घटणाऱ्या ह्या ताऱ्यांनीं मोठें कोडें उलगडलें.

स्वरमंडळांतील आर-आर लायरी हा तारा सुमारें साडेतेरा तासांत एक आवर्तन पुरें करतो. त्याच्या जातीच्या ताऱ्यांचें मूळ तेज जवळजवळ सारखेंच असतें. एकाच वातीचे कंदील असले, तर मंद दिसेल तो लांबचा, हें गाडीवानालाहि कळतें! ह्या रीतीचा आधार घेऊन हार्लो शॅपले ह्यांनीं १९१८ सालीं गोलाकार तारकागुच्छांचीं अंतरें मोजलीं आणि सूर्याला आकाशगंगेच्या मध्यावरून उठविलें. तो मध्य धनु राशीकडे निघाला. ज्येष्ठाच्या निरभ्र रात्रीं हिंगोलीकरांना ती रास दक्षिणेस दिसते. अंतराळांतील धूळ हिशेबांत न धरल्यामुळें त्यांचें अंतर दुपटीहून अधिक आलें, पण दिशा अचूक होती.

पुढें हेच कंदील आकाशगंगेच्या तबकडीबाहेर, विरळ प्रभामंडलांत शोधले गेले. तेथें ते समप्रमाणांत पसरलेले नाहींत, कोठें कोठें त्यांची दाटी आहे. १९९४ सालीं धनु राशींत एक बटु आकाशगंगा सांपडली. आपल्या आकाशगंगेच्या ओढीनें ती फाटत आहे. तिच्यांतून निसटलेल्या ताऱ्यांचा प्रवाह आपल्या आकाशगंगेला वेढून गेला आहे, आणि त्याचा माग ह्याच ताऱ्यांवरून काढतां येतो.