उडी की पाखर? ‘पासह’ या एका धातूचा प्रवास

पेसह, पास्खा, पासओव्हर, वल्हांडण. ज्यू परंपरेतील एकाच सणाची ही चार भाषांतील चार नावे. इजिप्तमधील दास्यातून सुटका झाली त्या रात्रीचे स्मरण म्हणून हा सण पाळला जातो. इस्राएली घरांच्या दारांना कोकराचे रक्त लावलेले होते आणि ते पाहून देवाने त्या घरांतील प्रथमपुत्रांना वाचवले, असे ‘निर्गम’ ग्रंथाचा १२वा अध्याय सांगतो. पण त्या दारांशी देवाने नेमके काय केले? घरे ओलांडून तो पुढे गेला, की दारात उभा राहून त्याने ती राखली? हा प्रश्न ‘पासह’ या एका हिब्रू क्रियापदाच्या अर्थावर येऊन ठेपतो, आणि त्या अर्थावर प्राचीन भाषांतरकारांचेही एकमत नव्हते.

वास्तविक उडीसाठी हिब्रूत शब्दांची वाण नाही. डोंगर-टेकड्यांवरून उड्या घेत येणाऱ्या प्रियकरासाठी ‘गीतरत्ना’त ‘दालग’ आणि ‘काफत्स’ ही दोन क्रियापदे शेजारीशेजारी येतात. टोळाच्या उडीला ‘लेवीय’ ग्रंथात ‘नातर’ आहे. मेंढ्यांसारख्या बागडणाऱ्या पर्वतांना स्तोत्रात ‘राकद’ आहे, आणि तेच नाचण्यालाही चालते. (कराराच्या कोशापुढे नाचणाऱ्या दावीदाला पाहून मीखलच्या मनात तिरस्कार दाटला, तो प्रसंग सांगताना ‘इतिहास’ ग्रंथाने हेच ‘राकद’ योजले आहे.)

‘पासह’ मात्र या कुळात सहज बसत नाही. त्याच तीन व्यंजनांपासून ‘पिस्सेअह’, म्हणजे लंगडा, हा शब्द होतो. कर्मेल पर्वतावर एलीया लोकांना विचारतो, की दोन मतांच्या मध्ये किती काळ लंगडत राहणार? तेथे हाच धातू आहे. पाचच वचनांनंतर बआलाचे ४५० संदेष्टे वेदीभोवती नाचू लागतात, आणि त्या नाचालाही निवेदक हाच धातू लावतो. टोला उघड आहे: यांचा नाचसुद्धा लंगडाच. याउलट यशयाच्या ३१व्या अध्यायात देव पक्ष्यांप्रमाणे घिरट्या घालून यरुशलेमचे रक्षण करतो, तेथेही ‘पासह’च येते. मराठीत ज्याला ‘पाखर घालणे’ म्हणतात, त्याच्या फार जवळचा हा अर्थ.

निर्गमचा मजकूर बारकाईने वाचला तर तेथेही पाखरच अधिक पटते. जाण्यासाठी, पार होण्यासाठी हिब्रूत ‘आवर’ हे नेहमीचे क्रियापद आहे, आणि या अध्यायात ते संहारासाठी इजिप्तमधून फिरणाऱ्या देवासाठी खर्ची पडले आहे. वाचवण्याच्या कृतीला मात्र लेखक मुद्दाम ‘पासह’ वापरतो. शिवाय २३व्या वचनात देव त्या दारापाशी ‘पासह’ करतो आणि विनाशकाला आत शिरू देत नाही. जो घर ओलांडून निघून गेला, तो दार कसे अडवणार?

इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकापासून ग्रीक भाषांतर सिद्ध होऊ लागले, तेव्हा भाषांतरकारांची हीच कोंडी झालेली दिसते. १३व्या आणि २७व्या वचनांत त्यांनी ‘आच्छादणे, आश्रय देणे’ या अर्थाचे क्रियापद घेतले. २३व्या वचनात मात्र ‘आवर’ आणि ‘पासह’ या दोहोंसाठी ‘जवळून जाणे’ हा एकच शब्द वापरला, आणि मुळातील भेदच पुसला गेला. पहिल्या शतकात इतिहासकार जोसिफसने या सणाचा अर्थ ‘ओलांडणे’ असा दिला. दुसऱ्या शतकात सार्डिसचा बिशप मेलिटो याने तर ‘पास्खा’चा संबंध ‘पास्खेइन’, म्हणजे दुःख सोसणे, या ग्रीक क्रियापदाशी जोडला. व्युत्पत्ती म्हणून ती साफ चुकीची. परंतु ग्रीक बोलणाऱ्या ख्रिस्ती श्रोत्याला तिच्यात ख्रिस्ताचे क्लेश ऐकू येत, म्हणून ती टिकली. पुढे १५३०मध्ये विल्यम टिंडेलने इंग्रजीत ‘पासओव्हर’ हा शब्द घडवला आणि पाश्चात्त्य वाचकापुरता निकाल ओलांडण्याच्या बाजूने लागला.

ग्रीकमध्ये आणखी एक श्लेष हरपला. यशयाच्या ३५व्या अध्यायात लंगडा हरिणासारखी उडी घेईल असे भाकीत आहे. तेथे उडीला ‘दालग’ आहे, पण उडी घेणारा ‘पिस्सेअह’ आहे. हिब्रू कानाला त्यात सुटकेच्या रात्रीचा नाद लागतो. ग्रीक ‘खोलोस’मध्ये तो नाही. मात्र त्याच ओळीत उडीसाठी आलेले ‘हाल्लोमाय’ हे क्रियापद ‘प्रेषितांची कृत्ये’ लिहिणाऱ्याने अचूक उचलले. मंदिराच्या ‘सुंदर’ नावाच्या दारापाशी जन्मापासून पांगळा असलेला, चाळिशी उलटलेला एक माणूस रोज भिक्षेसाठी आणून बसवला जाई. पेत्राने हात धरून उठवताच तो उड्या मारीत मंदिरात शिरतो, आणि त्या एकाच वाक्यात हे क्रियापद दोनदा येते, एकदा उपसर्गासह. आंधळ्या-पांगळ्यांनी मंदिरात येऊ नये, अशी म्हण ‘शमुवेल’च्या दुसऱ्या ग्रंथात नोंदलेली आहे. ती ठाऊक असलेल्या वाचकाला त्या उडीचे मोल वेगळे सांगावे लागत नसे.

मराठी बायबलने ‘वल्हांडण’ हा शब्द स्वीकारला. त्याचे नाते ‘ओलांडणे’ या क्रियापदाच्या ‘वलांडणे’ या जुन्या रूपाशी आहे. म्हणजे येथेही कौल ओलांडण्यालाच. गंमत अशी, की मराठीत उंबरा ओलांडणे म्हणजे घरात शिरणे किंवा घराबाहेर पडणे, आणि निर्गमच्या त्या रात्री तर कोणीही उंबरा ओलांडायचा नव्हता: आतल्यांनी सकाळपर्यंत बाहेर पडायचे नव्हते, विनाशकाने आत यायचे नव्हते. कोकणातील बेने इस्राएल समाजात मात्र या सणाचे जुने मराठी नाव आंबट रसाचे मडके झाकून ठेवण्यावरून पडले होते. त्यात उडीही नाही आणि ओलांडणेही नाही.