अस्सलबरहुकूम पिकप

अमेरिकेच्या ग्रामीण भागात ज्या वाहनास पिकप म्हणतात, त्याचा जन्म कारखान्यात झाला अशी नोंद दप्तरी असली, तरी त्याचे खरे जन्मस्थान शेतकऱ्याचे कोठार हेच होय. हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ साली बाजारात आली आणि स्वस्त, काटक व चिखलाच्या रस्त्यावरून निभावून नेण्याइतकी उंच असल्यामुळे लवकरच खेड्यापाड्यांत पोहोचली. परंतु रविवारी सहकुटुंब चर्चला जाण्यासाठी घेतलेल्या या गाडीतून सोमवारी दुधाचे कॅन आणि बटाट्याची पोती कशी न्यावीत, या प्रश्नाचा विचार कंपनीच्या आधी तिच्या गिऱ्हाइकांनी केला. दोन आसनी गाडीच्या मागील पेटारा उतरवावा, त्या जागी घरच्या फळ्यांचा हौदा ठोकावा, आणि हंगाम सरला म्हणजे मागचे चाक जॅकवर उचलून त्यास पट्टा जोडून लाकडे कापण्याची करवतही त्याच इंजिनावर चालवावी, असे उद्योग गावोगाव चालत. कोणी नुसती चासी खरेदी करून तीवर गावच्या सुताराकडून बॉडी बांधून घेई. मराठी वाचकास यात काही अपूर्व वाटण्याचे कारण नाही, कारण मालमोटारीची उघडी चासी मिस्त्रीच्या आवारात नेऊन सोडण्याचा आणि लाकूड, पत्रा व रंग यांचा करार तोंडीच ठरविण्याचा रिवाज आपल्याकडेही दीर्घकाळ चालत आलेला आहे.

कंपनीने या घरगुती कल्पनेवर आपली मोहोर उठविली ती १९२५ च्या एप्रिलमध्ये. २८१ डॉलर किमतीच्या त्या गाडीस ५६ इंच लांबीचा पोलादी हौदा, मागे उघडमिट करणारा फाळका आणि खाली ओझे पेलणारे दणकट पाटे होते. म्हणजे जे शेतकरी आजवर हातोड्याने करीत आला होता, तेच आता छापील किमतीस मिळू लागले. प्रतिस्पर्धी कंपन्याही लवकरच त्या वाटेने गेल्या. त्यांपैकी शेव्हरोलेट हे नाव मुंबईकरांस परके नव्हते, कारण तिच्या जनरल मोटर्स या मातृसंस्थेने १९२८ साली शिवडीस कारखाना काढून परदेशातून आलेल्या सुट्या भागांची जोडणी तेथे आरंभिली होती.

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली, आणि १९४२ च्या आरंभी प्रथम टायरांवर नियंत्रण आले व पाठोपाठ नागरिकांसाठी मोटारी बनविण्याचे काम सरकारी हुकमाने थांबले. जवळची गाडी मोडली तर दुसरी मिळण्याची शाश्वती उरली नाही. या सक्तीच्या काटकसरीत ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांना कारखान्याच्या पुस्तिकेचा आधार नव्हता: सडलेल्या तळावर हाती लागेल तो पत्रा रिव्हेटांनी बसवावा, फाळक्याची बिजागरी तुटली तर कुंपणाच्या फाटकाची लावावी, आणि गाडी चालती ठेवावी, एवढेच शास्त्र.

युद्धोत्तर काळातील ज्या गाड्यांवर आज हौशी मंडळींचा विशेष जीव आहे, त्यांत १९४७ च्या उन्हाळ्यापासून १९५५ च्या वसंतापर्यंत निघालेली शेव्हरोलेटची अर्धा टनी ‘३१००’ अग्रगण्य होय. सुरुवातीच्या गाड्यांचे २१६ घन इंची, सहा सिलिंडरचे इंजिन, सहा व्होल्टची बॅटरी, पायाने दाबण्याचा स्टार्टर आणि हौद्याच्या तळाशी फळ्या, असा तिचा साधा संसार. त्या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडमध्ये बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू ओतलेला असे, आणि रॉड व त्याची टोपी यांच्या सांध्यात कागदासारख्या पातळ धातुपट्ट्या, म्हणजे शिम, घातलेल्या असत. बॅबिट झिजून ठोके ऐकू येऊ लागले, की मालकाने गाडीखाली उताणे पडावे, ऑइलपॅन उतरवावे, टोपी सोडवून एक शिम काढावी, पुन्हा आवळून इंजिन हाताने फिरवून पाहावे. सैल वाटले तर आणखी एक काढावी, जखडले तर काढलेली परत घालावी. झीज होणारच, हे गृहीत धरून तिचा इलाज यंत्रातच ठेवून देणारी ही तजवीज मला त्या गाडीच्या गोलसर, देखण्या बॉनेटपेक्षा अधिक मनोहर वाटते. आणि घरच्या गॅरेजात, मोजक्या पान्यांवर, अशा गाडीचा जीर्णोद्धार शक्य होतो तो मुख्यतः अशाच रचनेमुळे. पुढे तयार बेअरिंग बदलण्याची पद्धत आली आणि शिमांचे काम संपले.

जीर्णोद्धाराचा हा छंद प्रथम मुख्यतः प्रवासी मोटारींपुरता होता. अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या शौकिनांची प्रमुख संस्था १९३५ साली फिलाडेल्फियात स्थापन झाली. तिच्या प्रदर्शनांत परीक्षक चारशे गुणांपासून आरंभ करून, कारखान्याच्या मूळ स्वरूपाशी जे जुळत नाही त्याचे गुण वजा करीत जातात. पिकपकडे मात्र कित्येक दशके कोणी ढुंकून पाहिले नाही. ती मरेपर्यंत राबे आणि मग कोठारामागच्या गवतात पडून राही. उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात, त्यामुळे तेथील गाड्यांच्या केबिनचे खालचे कोपरे आणि पायऱ्या प्रथम सडतात. ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशातील सांगाड्यांना म्हणूनच अधिक किंमत येते.

असा सांगाडा गॅरेजात आल्यावर प्रथम सांध्यांना गंज सोडविणारे तेल पाजतात, हट्टी नट तापवून किंचित पुढे, किंचित मागे असा हालवीत सोडवितात, आणि मग पत्रा घासण्यास घेतात. घासता घासता वरच्या ब्रशच्या रंगाखाली दुसरा, त्याखाली कारखान्याचा गर्द हिरवा, आणि दारावर असल्यास एखाद्या शेतमालकाचे व गावाचे हाताने रंगविलेले नाव दिसू लागते. येथे जीर्णोद्धारकास निकाल द्यावा लागतो. चारशे गुणांच्या कायद्याने ते नाव, तो रिव्हेटांचा पत्रा आणि ती फाटकाची बिजागरी ही सर्व अतिक्रमणे ठरतात. ती उखडून, नव्याने छापलेले पत्रे जोडून, गाडी कारखान्याच्या अस्सलबरहुकूम केली, की तिच्यातून नेमका तोच माणूस हद्दपार होतो, ज्याने हा प्रकार मुळात शोधून काढला. कारखान्यातून बाहेर पडल्याचा तो एकच दिवस खरा मानावा आणि पुढची चाळीस वर्षे बखरीतून वगळावी, हा न्याय मला पटत नाही. मात्र सडलेला तळ आणि निकामी ब्रेक इतिहास म्हणून जतन करावेत, असेही कोणी शहाणा म्हणणार नाही.

अलीकडे वारे थोडे फिरले आहे. जीर्णोद्धार न केलेल्या गाड्यांसाठी याच संस्थेने स्वतंत्र वर्ग काढला आहे, आणि कित्येक मालक इंजिन, ब्रेक व तारा नव्या करून बाहेरच्या विटक्या रंगावर, दारावरच्या नावासकट, पारदर्शक लाखेचा नुसता हात देतात. त्या विटकेपणास बाजारात मोल आले, तेव्हा त्याच्या नकलाही निघाल्याच: आता असे रंगारी आहेत, की जे नव्या कोऱ्या पत्र्यावर स्पंज आणि ब्रशने खोटा गंज चढवितात, कधीच नसलेल्या शेतमालकाचे नाव दारावर काढून ते काळजीपूर्वक अर्धे पुसतात, आणि त्याचे बिल कोऱ्या रंगाइतकेच घसघशीत आकारतात.